पितळेचं झाकण

गाडी का बंद पडते या एका प्रश्नावर त्या वर्षी आमच्या घरात जेवढी डोकी तापली, तेवढी कापसाच्या भावावरूनही कधी तापली नसतील. उत्तरं पुष्कळ होती. प्रत्येक उत्तर एक दिवस खरं ठरायचं आणि दुसऱ्या दिवशी खोटं पडायचं. त्या गाडीत माझी मॅट्रिकची परीक्षा अडकलेली होती, म्हणून ते दिवस मला तारखेनिशी नाही तरी पेपरानिशी आठवतात. आठवतात म्हणजे समजले असं मात्र नाही.

आमचं गाव तापीकाठचं, नंदुरबारपासून तेरा मैलांवर. नंदुरबार तेव्हा तालुक्याचं गाव होतं, जिल्हा धुळ्याचा. मी या घरात आले ती अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, अर्धवट टाकून. लग्न ठरताना माझ्या वडिलांनी हात जोडून एवढंच म्हटलं होतं, की पोरीची परीक्षा राहिली आहे, पुढेमागे देऊ द्या. माझे सासरे म्हणाले, "बठाडसू परीक्षाले," आणि सगळे पानसुपारीला लागले. बैठकीत असे शब्द फार दिले जातात. त्यानंतर चार वर्षं कोणी विषय काढला नाही. मग एका दिवाळीला सासऱ्यांनी आपणहून माझ्या नवऱ्याला सांगितलं, की तिचा फॉर्म भरून टाक. चार वर्षांनी हे त्यांना का आठवलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

प्रश्नच नव्हता, कारण मी त्यांच्याशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. सुनेनं सासऱ्यासमोर नाकापर्यंत पदर ओढायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मी चुलीपाशी सासूबाईंशी बोलत असले आणि ओट्यावर त्यांच्या जोड्यांची करकर ऐकू आली, की माझं वाक्य तिथल्या तिथे तुटायचं. काही सांगायचंच असेल तर सासूबाईंच्या कानात सांगायचं, त्या नसतील तर बांगड्या वाजवायच्या. त्यातून सासऱ्यांना थोडं कमी ऐकू यायचं. चार वर्षांत त्यांच्या कानावर माझा आवाज पडला नव्हता. घरातली बाकीची माणसं त्यांना आबा म्हणत. मी काहीच म्हणत नव्हते.

परीक्षेला त्यांनी एक अट घातली. एसटीत चार परक्या माणसांत बसून सून जाणार नाही. घरच्या गाडीनं जायचं, घरच्या गाडीनं यायचं, आणि ते स्वतः सोबत येणार. म्हणजे गाडी पोचली तर पेपर, नाही पोचली तर नाही. सहा पेपर होते, सहा वेळा गाडी पोचायला हवी होती.

गाडी विलायती, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, तीन मालकांचे हाल सोसून आमच्याकडे आलेली. ती दुरुस्त करणारं माणूस नंदुरबारला एकच, आणि त्याचा हात ट्रकवर बसलेला. म्हणून गाडीची सगळी कामं आमचे हे घरीच करायचे. मी नवऱ्याला 'हे' म्हणत आले, आता या वयात काय बदलू? यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण पाणी ओढायचं इंजिन यांनी उघडून जोडलं होतं, त्यामुळे गाडीला हे भीत नव्हते. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते मी वाचायचे. दुपारी सासरे शेतात गेले, की गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली गाडीचं बॉनेट उघडायचं, हे वाकून बसायचे आणि मी मागे उभी राहून वाचून अर्थ सांगायचे. कार्बोरेटरच्या आतलं बारीक भोक तारेनं साफ करू नये, भोक मोठं होतं, असं पुस्तकात होतं. मग यांनी बैलाच्या शेपटीचा एक केस तोडून आणला आणि त्यानं साफ केलं. पुस्तक लिहिणाऱ्याला हे कधी सुचलं नसतं. माझी इंग्रजीची तयारी झाली ती बरीचशी त्या पुस्तकावर. निबंध मला धड येत नव्हता, पण पंपाचा पडदा फाटल्याची लक्षणं मी तोंडपाठ सांगितली असती.

आता त्या जानेवारीतला एक आठवडा नीट सांगते, कारण सगळा घोळ तिथे आहे. त्या आठवड्यात तीन गोष्टी घडल्या. एक, पेट्रोलच्या टाकीचं झाकण कुठेतरी खडखडत पडून हरवलं, आणि यांनी टाकीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. दोन, यांनी हौसेनं कार्बोरेटर पहिल्यांदाच पूर्ण सुटा केला आणि परत जोडला. तीन, सासऱ्यांनी टाकीला नवीन झाकण करून आणलं.

ते झाकण म्हणजे बघत राहावं असं होतं. नंदुरबारला पितळेचं काम करणारे एक चाचा होते. फिरकीचे तांबे घडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. प्रवासात पाणी न्यायचे ते आट्यांच्या झाकणाचे तांबे. भरलेला तांब्या उलटा करून बिछान्यात टाकला तरी चादर ओली होऊ नये, ही त्यांच्या कामाची परीक्षा. त्यांनी टाकीच्या तोंडाचं माप घेतलं आणि त्याच इमानानं झाकण घडवलं. आत कातड्याची चकती, वर धरायला फुलासारखी मूठ. सासऱ्यांना देताना म्हणाले होते, "गाडी उलटी हो जाए, एक बूंद नहीं गिरेगी." सासऱ्यांना हे वाक्य इतकं आवडलं, की घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवायचे आणि झाकण दाखवायचे. पुढचं इंजिन काय आहे ते त्यांनी कधी वाकून पाहिलं नाही, पण ते झाकण रोज धोतराच्या सोग्यानं पुसायचे.

फेब्रुवारीत दोनदा नंदुरबारला जाऊन आलो. टाकीच्या तळाला पेट्रोल होतं, तेवढ्यावर गाडी तक्रार न करता गेली आणि आली. माझा जीव भांड्यात पडला. सासऱ्यांनी मग परीक्षेसाठी पेट्रोलची दोन टिनं भरून आणून ठेवली. वाटेत कमी पडायला नको म्हणून पहिल्या पेपरच्या सकाळी स्वतः टाकी गळ्यापर्यंत भरली, झाकण दोन्ही हातांनी आवळलं आणि पुढे यांच्याशेजारी बसले. मी मागे एकटी, पदरात तोंड आणि मांडीवर मराठीचं पुस्तक.

सात मैल झाले आणि गाडी खोकली. आणखी थोडी गेली आणि उभी राहिली.

हे उतरून बॉनेट उघडायला गेले. सासरे मागे गेले. त्यांचा संशय एकच, की कोणी पेट्रोल काढलं असणार. त्यांनी झाकण उघडलं, कापसाच्या पऱ्हाटीची काडी आत बुडवून बघितली आणि ओरडले, "पेट्रोल शे!" झाकण परत आवळलं. तोवर यांनी प्लग काढून पुसले होते. हँडल मारलं, गाडी सुरू झाली. मी पेपरला पोचले तेव्हा दुसरी घंटा होत होती. हे म्हणाले, प्लगवर काजळी होती.

दुसऱ्या पेपरला यांनी प्लग आधीच चकचकीत करून ठेवले, सासऱ्यांनी टाकी परत गळ्यापर्यंत भरली. सातव्या-आठव्या मैलाला गाडी खोकली आणि थांबली. आज यांनी पंपावर ओलं फडकं टाकलं. पुस्तकात होतं, उन्हानं पंप तापला तर असं होतं. सासऱ्यांनी झाकण उघडलं, काडी बुडवली, "पेट्रोल शे." गाडी सुरू झाली. म्हणजे पंप तापत होता तर! मग काल प्लग पुसल्यावर कशी सुरू झाली? आणि सकाळी साडेनऊला मार्चमध्ये पंप एवढा तापतो, तर फेब्रुवारीत भर बाराला परत येताना का नाही तापला? यांना विचारलं तर म्हणाले, माझं डोकं खाऊ नको. त्यांच्या मनात वेगळीच खूणगाठ होती. कार्बोरेटर जोडताना आपलंच काहीतरी चुकलं आहे, अशी त्यांची खात्री होती, आणि ते कोणाला सांगायची त्यांना लाज वाटत होती. सासऱ्यांचाही तोच तर्क. "तू हात लावस आनि बिघाडस," असं ते यांना येता-जाता म्हणायचे.

आणि मी? मला मागे बसून एक आवाज ऐकू येत होता. सासरे झाकण फिरवायचे, तेव्हा माझ्या पाठीमागे 'सूऽऽ' असं व्हायचं. पहिल्या दिवशी वाटलं, सासऱ्यांनीच सुस्कारा टाकला. दुसऱ्या दिवशी परत तसंच. सासऱ्यांना तो ऐकू येत नव्हता, यांचं डोकं बॉनेटमध्ये. तो आवाज ऐकणारी जगात मी एकटी होते, आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता. तरी काहीतरी सांगावं म्हणून मी बांगड्या वाजवल्या. सासरे लगबगीनं यांना म्हणाले, "तिले तीस लागनी व्हई. पानी दे तिले." यांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मी पदराआड पाणी प्यायले. काय करते? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्या दुसऱ्या दिवशी नेमकी समोरून एसटी आली आणि हळू झाली. खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती. त्यांत सासऱ्यांच्या बहिणीच्या गावचं कोणीतरी होतं. त्यानं हात केला, हसला, आणि भर रस्त्यात सुनेला घेऊन कुठे, असं ओरडून विचारलं. सासऱ्यांचा चेहरा उतरला. गाडी सुरू झाल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "आखो गाडी बंद पडनी, ते परीक्षा बस." पुन्हा एकदा थांबली, की माझी परीक्षा संपली. मी मागे बसून इंग्रजीचे शब्द आठवत होते. सगळे पुसल्यासारखे झाले.

तिसऱ्या पेपरच्या दिवशी सासऱ्यांना एका मयताला जावं लागलं. त्यांनी टाकी भरली, झाकण आवळलं आणि यांना बजावलं, की सरळ जायचं, सरळ यायचं, वाटेत थांबायचं नाही. गाडीला हे कोण सांगणार? सातवा मैल आला आणि ती थांबली.

यांनी प्लग पुसले. नाही. पंपावर ओलं फडकं टाकलं. नाही. पाईप सोडवून तोंडानं फुंकला, कार्बोरेटरची वाटी काढून कोरडी केली, बॅटरीच्या तारा घासल्या, हँडल मारून मारून हाताला फोड आले. आजवर ज्यानं ज्यानं गाडी सुरू झाली होती ते सगळं करून झालं, आणि गाडी ढिम्म. बीजगणिताचा पेपर होता. अर्ध्या तासापेक्षा उशीर झाला तर आत घेत नाहीत, हे मला माहीत होतं. हे कपाळाला हात लावून मैलाच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "माले काईच समजी नही ऱ्हायनं."

तेव्हा मी गाडीतून उतरले. सासरे नव्हते, म्हणून बोलता येत होतं. मी म्हटलं, आज एक गोष्ट करायची राहिली आहे. काय, म्हणाले. आबा झाकण उघडून काडी बुडवतात, ते आज कोणी केलं नाही. हे माझ्याकडे असे बघायला लागले, जशी मी एखादा नवस सांगते आहे. "पेट्रोल ते सकायले भरं ना! काडी बुडाईसन काय व्हई?" काय होईल ते मलाही माहीत नव्हतं. शपथेवर सांगते, मला काहीसुद्धा माहीत नव्हतं. मी मागे गेले, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हातांनी ती पितळेची मूठ फिरवली. ती हलता हलेना. मग एकदम सुटली आणि 'सूऽऽ' झालं, आजवरचं सगळ्यांत लांब. यांनी ते ऐकलं. हे उठले, हँडल मारलं, दोन-चार फेऱ्यांत गाडी सुरू झाली.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. यांना वाटलं, टाकीत काहीतरी शिरलं होतं ते निघून गेलं. मला वाटलं, टाकीचं नाक कोणीतरी दाबून धरलं होतं. दोघांचंही बोलणं वेड्यासारखं होतं, पण उशीर झाला होता, म्हणून निघालो.

वीस मिनिटं उशिरा मी वर्गात बसले. समोर समीकरणं होती, आणि माझ्या डोक्यात झाकण फिरत होतं. तिसऱ्या गणिताशी मी अडले आणि कारण नसताना मला तेलाचा डबा आठवला. गोड्या तेलाचा नवा डबा फोडताना आपण एक भोक पाडून थांबत नाही, समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडतो. एकाच भोकानं तेल गचके खात येतं आणि मग येईनासं होतं, कारण तेल बाहेर यायचं तर हवा आत जायला लागते. दर महिन्याला हे काम मी करत होते. टाकी गच्च भरायची, झाकण गच्च आवळायचं. पेट्रोल जाणार, हवा येणार कुठून? फेब्रुवारीत टाकी जवळजवळ रिकामी होती, आत हवाच हवा होती, म्हणून गाडी गेली. पेपरहून परतताना टाकी थोडी उतरलेली असायची, म्हणून तेव्हाही ती थांबत नव्हती. फडक्याचा बोळा होता तेव्हाही गेली. चाचांनी इमानानं काम केलं आणि सासऱ्यांनी काळजीनं टाकी भरली, आणि या दोन चांगल्या गोष्टींनी मिळून माझा घात चालवला होता. मी बाकावर बसून हसले. देखरेखीवरचे गुरुजी माझ्या बाकापाशी येऊन उभे राहिले. बीजगणितात मी पुढे काठावर सुटले, त्यात निम्मा दोष त्या डब्याचा.

परत येताना यांना सांगितलं. यांनी झाकण अर्धा फेरा सैल ठेवलं, आणि गाडी तेरा मैल न थांबता आली. हे खूष झाले. मी म्हटलं, आता आबांना सांगा आणि झाकणाला सुईएवढं भोक पाडून आणा.  हे म्हणाले, कसं सांगू? ज्या झाकणाचं कौतुक त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं, त्यालाच भोक पाडा म्हणू? आणि हे तुला कसं कळलं म्हणाले तर? तू रस्त्यात उतरलीस, पदर खोचून गाडीला हात लावलास, हे सांगू? त्यापेक्षा मी रोज गुपचूप सैल करत जाईन. मला ते पटलं नाही. पण माझे पेपर राहिले होते, म्हणून मी वाद घातला नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

चौथा आणि पाचवा पेपर असा पार पडला. सासरे झाकण आवळून पुढे येऊन बसायचे, हे चाकाची हवा बघायच्या मिषानं मागे जाऊन अर्धा फेरा सैल करायचे. गाडी कुठे थांबली नाही. सासरे म्हणाले, "आते तुना हात बठना." आणि आमच्या यांनी ते कौतुक मान खाली घालून खुशाल घेतलं! मला राग आला. खोटं कशाला बोलू, फार राग आला. तेलाचा डबा कोणाला आठवला होता?

पाचव्या पेपरच्या संध्याकाळी सासरे झाकण पुसायला गेले, आणि ते सैल लागलं. खाली रंगावर पेट्रोलचा ओघळ. आपण सकाळी आवळलेलं झाकण सैल म्हणजे कोणीतरी पेट्रोल चोरतो, दुसरं काय? त्यांनी सगळ्या गड्यांना उभं करून विचारलं. गडी बिचारे शपथा घेत होते, हे गोठ्याच्या दारात उभे राहून ऐकत होते. त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होते आणि माझ्या तोंडून तर निघायचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेवटचा पेपर, शास्त्राचा. सासऱ्यांनी टाकी गळ्यापर्यंत भरली, झाकण हातानं आवळलं, मग पक्कड मागवून तिनं आवळलं, आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच उभे राहिले. हे चाक बघायला गेले, तर म्हणाले, "चाक ठीक शे. बठ." हे बसले. गाडी निघाली. ती कुठे थांबणार ते मला ठाऊक होतं, यांना ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं मुकाट बसून तिकडेच चाललो होतो. मी मैलाचे दगड मोजत होते. पुस्तक उघडलंच नाही.

सातव्या मैलाच्या पुढे गाडी खोकली आणि थांबली.

हे उतरले, बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं. सासरे मात्र आज उतरले नाहीत. पेट्रोल आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, काडी कशाला बुडवायची? ते जागेवर बसून राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "बस व्हयनं. मांगला गावथीन गाडं बोलाव. घर जाऊत."

हे बॉनेटमधून बाहेर आले, घाम पुसला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत आत वाकले. आत करायला काही नाही हे त्यांना माहीत होतं! दहा पावलं चालून मागे यायचं आणि झाकण फिरवायचं, एवढंच काम. पण पक्कड लावून आवळलेलं झाकण त्यांनी उघडलं असतं, तर कालचा चोर कोण ते सांगावं लागलं असतं. म्हणून ते उगाच तारा हलवत होते. पाच पेपर झाले होते. एक राहिला होता. माझा नवरा चांगला माणूस होता, आयुष्यभर त्यानं माझ्यावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी त्याची ती वाकलेली पाठ बघून मला त्याचा जो तिटकारा आला, तो आजही मी विसरलेले नाही.

मी बांगड्या वाजवल्या. सासरे न वळता म्हणाले, "पानी दे रे तिले."

त्यानंतर जे झालं ते मी ठरवून केलं नाही. मी तोंड उघडलं आणि आवाज आला. इतका मोठा, की मीच दचकले. म्हटलं, "आबा, टाकीनं झाकन उघडा. मझार हवा जाई नही ऱ्हायनी."

सासऱ्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग बाजूच्या शेताकडे. आवाज कुठून आला तेच त्यांना समजत नव्हतं. मग ते सबंध वळले. मी पदर नाकापर्यंत घेतलेला होता, पण आता थांबून उपयोग नव्हता. मी परत म्हटलं, "झाकन उघडा आबा. मन्हा पेपर चुकी."

ते उतरले. यांनी बॉनेटमधून डोकं काढलं होतं आणि पक्कड हातात धरून पुतळ्यासारखे उभे होते. सासऱ्यांनी त्यांच्या हातातून ती घेतली. मागे गेले. मी मान वळवून, पदराच्या कडेनं बघत होते. त्यांनी पक्कडीनं झाकण ढिलं केलं, मग हातानं फिरवलं. 'सूऽऽ' झालं. ते त्यांना ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही, पण झाकणाला आतून लागलेली ओढ त्यांच्या बोटांना लागली असणार, कारण त्यांनी ते घाईनं परत टाकीवर दाबलं आणि पुन्हा उचललं. दोनदा, तीनदा. मग यांना हातानं खूण केली. यांनी हँडल मारलं, आणि गाडी सुरू झाली.

झाकण त्यांनी परत लावलंच नाही. खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याचं टोक टाकीच्या तोंडात खोचलं, आणि झाकण हातात घेऊन पुढे येऊन बसले.  सहा मैल मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मनात नाना तर्क चालले होते. मला माहेरी पाठवतील? यांना बोलतील? की आता घरी गेल्यावर सासूबाईंना बोलतील, की हेच का शिकवलंस तिला? पेपर आहे, तो शास्त्राचा आहे, हे मधून मधून आठवायचं आणि परत विसरायला व्हायचं. मी चूक केली होती की बरोबर, तेच मला उमगत नव्हतं. एकाच वाक्यात दोन्ही झालं होतं.

शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली. पहिली घंटा व्हायची होती. मी दार उघडून उतरले, पेन-पट्टी सावरली आणि खाली मान घालून निघाले, तर सासरे उतरून माझ्या वाटेत येऊन उभे राहिले होते. हातात ते झाकण. मला त्यांचे जोडे तेवढे दिसत होते. आजवर ते माझ्याविषयी बोलले होते ते यांच्याशी, सासूबाईंशी, गड्यांशी. माझ्याशी कधीच नाही.

"चार वरीस व्हई गयात," ते म्हणाले. "तू आजलगून का बरं नही बोलनी?"

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. मी पदर थोडा वर केला आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ज्यांच्यासमोर बोलायचं नाही म्हणून मला सगळ्यांनी शिकवलं, तेच मला विचारत होते आणि उत्तर मिळेल म्हणून थांबले होते. मुलं आमच्या बाजूनं पळत आत जात होती, घंटा झाली, आणि मी वर केलेला पदर खाली न ओढता तिथेच उभी होते.